बसस्टँडवरची शेळी

लुंबिनी सोनकांबळे मूळची बिलोलीची. लातूरच्या एका शिकवणी वर्गात ती भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात परदेशातल्या लोकांच्या चुका काढते. एकटेदुकटे लोक घरी बसून कॉम्प्युटरचे गेम बनवतात ना, चित्रात इथंतिथं क्लिक करत वस्तू गोळा करायच्या, माणसांशी बोलायचं, कोडी सोडवायची, तसले गेम खेळून ती यूट्यूबवर मत देते. मत बहुधा एकच असतं: चित्रं देखणी, कोडी बिनडोक. एका गेममध्ये पहारेकरी झोपलाय, तर त्याला हाक मारायची सोय नाही. छत्रीला मासळी बांधून त्याच्या नाकापुढं धरायची. हे सुचायला माणूस हुशार नको, तापानं फणफणलेला पायजे, असं ती म्हणाली. तिच्या मूठभर प्रेक्षकांना ते पटलं.

उदगीरच्या शिवप्पा नावाच्या प्रेक्षकानं मात्र खाली लिहिलं, की बाई, मग तुम्हीच एक करून दाखवा.

रागाच्या भरात माणूस फार तर जेवण सोडतो. लुंबिनीनं दोन वर्षं घालून गेम बनवला. हिमायतनगरचं बसस्टँड, न सुटणारी गाडी आणि गायब झालेला ड्रायव्हर. कोडी अर्थातच शंभर टक्के तर्कशुद्ध.

पहिला खेळाडू तिचा भाऊ सुगत. अख्खा रविवार तो गेममधल्या स्टँडवर गाड्यांच्या वेळा बघणाऱ्या कंट्रोलरच्या खोलीतच अडकला. शेवटी त्यानं उत्तर विचारलं. लुंबिनीनं वर्गात समजावावं तसं समजावलं: चहात गूळ घालायचा, तो चहा शेळीला पाजायचा, खूश झालेली शेळी भिंतीवरचं वेळापत्रक खाते, त्याच्यामागं किल्ली असते.

"शेळीला चहा?" सुगत म्हणाला.

"सरळ हाय की. गूळ म्हणलं की शेळीच आठवते."

त्याला तर पुरणपोळी आठवली होती.

शिवप्पानंही गेम खेळून मत दिलं. मत सभ्य होतं: चित्रं देखणी. पुढचं त्यानं लिहिलंच नाही. लुंबिनीनं मग मुकाट्यानं उत्तर दाखवणारं बटण बसवलं. लोक ते सुरुवातीलाच दाबू लागले.

मन लावून खेळणारं एकच माणूस निघालं, तिची आई सुमनबाई. त्या बिलोलीत रोज दुपारी मोबाईल उघडून गेममधल्या केळीवालीशी बोलतात, कंट्रोलरची गाऱ्हाणी ऐकतात आणि किल्लीच्या वाटेला जात नाहीत. लुंबिनीनं फोनवर सांगून पाहिलं, की ड्रायव्हर शोध, गाडी सोड.

"कशाला?" सुमनबाई म्हणाल्या. "गाडी सुटली की समदे निघून जातेत."

त्या आठवड्यात लुंबिनीनं कुणाच्याच गेमवर मत दिलं नाही. केळीवालीसाठी नवी वाक्यं लिहीत बसली. त्यातलं एक बरं जमलं.