नाल्याच्या उतारावरचा लाल दिवा

एटापल्ली तालुक्यातल्या आमच्या पोलीस पोस्टवर मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक होतो. रोज सकाळी सहाला जीप तपासायची, रजिस्टरमध्ये सही करायची. इंजिनातल्या तेलाचं प्रेशर पडलं की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. आमच्या जीपचा दिवा मधूनच लागायचा, मधूनच विझायचा.

ड्रायव्हर मडावी, हुद्द्याने नाईक, अहेरीकडचा. त्याने तीनदा तक्रार लिहिली. तिन्ही वेळा मी जीप अंगणात उभी करून इंजिन चालू ठेवलं, दिवा लागला नाही आणि 'दोष आढळला नाही' असं लिहून मोकळा झालो.

"साहेब, नाल्याच्या उतारावर लागते. इथी नाई लागत," मडावी म्हणाला.

"मग उतार इथे आणू का?" मी म्हणालो. सगळे हसले.

मडावीबरोबर नेहमी शिपाई गजानन ढोके बसायचा, कोरपन्याचा. तो हसला नाही. "साहेब, एक चक्कर तुमी बसा ना आमच्यासंग. मंग दिसन तुमाले."

मला वेळ नाही, असं मी सांगितलं. त्या दिवशी दुपारी मी कॅरम खेळलो.

पंधरा दिवसांनी गजाननला मेंदूचा मलेरिया झाला. ढग खाली आले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. दुसरी गाडी राशनला गेली होती. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मडावी त्याला जीपमधून घेऊन निघाला. नऊ चाळीसला रेडिओ वाजला.

"बत्ती लागली. तेल पुरं हाय. आवाज बी बराबर हाय. जाऊ काय? ओव्हर."

"नाही. बंद कर. वीस मिनिटं थंड होऊ दे. ओव्हर."

"गजानन बोलून नाई राह्यला, साहेब. ओव्हर."

"इंजिन जाम झालं तर तिथेच अडकाल. थांब. आउट."

तेल पूर्ण, आवाज बरोबर, तरी दिवा. कालचा शिकाऊसुद्धा म्हणाला असता की दिवाच खोटं बोलतोय. मला इंजिनाची काळजी होती. दहा पस्तीसला, पुढच्या उतारावर, दिवा पुन्हा लागला. मी पुन्हा वीस मिनिटं थांबवलं.

दवाखान्याचं फाटक दिसत असताना गजानन गेला.

संध्याकाळी जीप परत आली. मी तेलाच्या प्रेशरचा सेन्सर काढला, त्याची वायर तशीच ठेवली, त्या जागी प्रेशर गेज बसवला आणि मडावीला म्हणालो, "चल, नाल्यावर." उतारावर दिवा लागला. गेजचा काटा हललासुद्धा नाही, प्रेशर पूर्ण होतं. उतारावर इंजिन पुढे झुकायचं आणि सेन्सरची सोललेली वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकायची, की दिवा लागायचा. चार बोटं काळी टेप लागली. पाच मिनिटांचं काम.

मडावीने जीप वळवली. त्याने मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

चौकशीत पोस्टच्या मोठ्या साहेबांनी मडावीला झापायला सुरुवात केली, गाडी का थांबवलीस म्हणून. मी उभा राहिलो. ऑर्डर माझी होती, तक्रारींवर सह्याही माझ्याच, असं सांगितलं. मला ताकीद मिळाली. फक्त ताकीद! त्याचा राग अजून गेलेला नाही. 'त्याची वेळ भरली होती' म्हणणाऱ्यांचा तर त्याहून जास्त येतो. वेळ भरली नव्हती. चाळीस मिनिटं मी खाल्ली.

आता चंद्रपुरात माझं गॅरेज आहे. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, कधी कधीच होते," की मी हातातलं काम टाकून त्याच्या शेजारी बसतो आणि तो म्हणेल त्या रस्त्याने जातो.

शिपाई गजानन ढोके, वय चोवीस. त्याने माझ्याकडे एकच चक्कर मागितली होती.