नऊ तुकडे, एक जिना

ऋजुता झोपलेली नाही. तिनं फक्त डोळे मिटलेत, तेही दोनच मिनिटं, असं तिनं स्वतःला बजावलंय. दुपारचे अडीच वाजलेत. दहावीचा जादा तास उरकून ती घरी आलीय, शाळेचा गणवेशही अजून अंगावरच आहे. पोटावर पत्र्याचा चपटा डबा आहे, डब्यात फिल्मचे नऊ तुकडे आहेत आणि डोक्यावर पंखा घरघरतोय. साडेतीनला इटलीतून लोरेन्झाबाईंचा फोन येणार आहे. तोवर या नऊ तुकड्यांचा क्रम लागला नाही, तर सगळं मुसळ केरात.

डबा तात्यांचा, म्हणजे ऋजुताच्या आईच्या वडिलांचा. गजानन कुंभोजकर, मिरजेच्या शालिमार टॉकीजचे ऑपरेटर, सगळी हयात मशीनच्या केबिनमध्ये काढलेले. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि त्यांच्या ट्रंकेत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला हा डबा निघाला. मामा म्हणाला, भंगारात घाला. ऋजुता म्हणाली, हात तर लावून बघ. मग तिनं शोधून काढलं की हे तुकडे एका जुन्या इटालियन रहस्यपटाचे आहेत. तिकडे असल्या खुनाच्या पिक्चरना ‘पिवळे’ म्हणतात, कारण असल्या गोष्टींच्या पुस्तकांना पिवळी कव्हरं असायची. पिक्चरचं नाव ‘निळ्या घुबडाचे तीन डोळे’. तो आता एकेक चित्र धुऊनपुसून, उडालेले रंग परत भरून घरी बघायच्या डिस्कवर निघतोय, आणि त्याच्या शेवटच्या प्रसंगाची मूळ फिल्म तिकडे कुजून गेलीय. ऋजुतानं कुणाला न विचारता थेट त्या लोकांना इंग्रजीत पत्र लिहिलं. वर्गात हजेरी द्यायलाही घाबरणारी ऋजुता, पण पत्र गेलं, आणि डिस्क काढणाऱ्या लोरेन्झाबाईंचं उत्तरही आलं.

तुकडे पुण्याला जाऊन स्कॅन होऊन परत आले, पण घोडं अडलं क्रमावर. नऊही तुकड्यांत एक गोल जिना आहे, आणि पिवळा हातमोजा घातलेला एक हात सुरा घेऊन वर चढतोय. एका क्रमानं लावले तर खुनी डॉक्टर ठरतो, दुसऱ्या क्रमानं पाद्री. कडेचे छापील आकडे केव्हाच झिजलेत. क्रम मिळाला नाही तर तो प्रसंग गाळायचा आणि तिथं पडद्यावर एक ओळ टाकायची, असं ठरलंय: ‘हा भाग मिरज येथील एका ऑपरेटरने कापून निकामी केला.’ ऋजुताला ही ओळ कालपासून टोचतेय.

पंखा घरघरतो. घरघर जड होत जाते, तिच्यात एक ठेका येतो, टकटकटकटक, आणि ऋजुता शाळेच्या जिन्यावर आहे. जिना प्रयोगशाळेकडे जातो, पण आज तो लोखंडी आहे आणि गोल गोल वर चाललाय. वरच्या पायरीवर खाकी शर्टातले तात्या बसलेत.

“आलीस? दार लाव आधी. उजेड जातोय खाली.”

ती दार लावते. प्रयोगशाळेचं टेबल आहे, त्यावर बर्नर नाही, फिल्म जोडायचं यंत्र आहे. भिंतीत चौकोनी भोक, भोकातून खाली थिएटर.

“तात्या, तुम्ही तर...”

“व्हय, गेलोय. म्हणून खेळ थांबतोय व्हय?”

हे ऋजुताला पटतं. ती सरळ मुद्द्यावर येते. “हा जिना तुम्हीच कापलात ना?”

तात्या मशीनकडे बघतात, मग पायांकडे. “मॅनेजरनं सांगितलं. बुधवारचा दुपारचा खेळ फक्त बायकांचा. बायका रक्त बघून चक्कर येऊन पडल्या, तर थेटराचं नाव जाईल. सुरा चमकला की काप, म्हणाला. दुपारी कापायचा, संध्याकाळच्या खेळाला परत चिकटवायचा. नऊ ठिकाणी चमकला, नऊ तुकडं झालं.”

“आणि बायका?”

“त्या बघ की. बसल्यात अजून.”

ती भोकातून डोकावते. थिएटर भरलंय, आणि भरलंय ते दवाखान्यातल्या नर्सेसनी. पांढऱ्या साड्या, पांढऱ्या टोप्या, हातात खाऱ्या दाण्यांचे पुडे. पडदा कोरा आहे. तिसऱ्या रांगेतली एक ठसठशीत बाई मान वळवून वर बघते.

“ओ ऑपरेटर. खून केला कुणी तेवढं सांगा. पंचेचाळीस वर्षं झाली.”

“रिबेका सिस्टर,” तात्या कुजबुजतात. “लय वस्ताद बाई.”

“सकाळपासून तीन ऑपरेशनं बघून आलेय मी,” सिस्टर म्हणतात. “बादल्या भरून रक्त पुसतो आम्ही. आणि तुमच्या मॅनेजरला वाटतं, मी रबरी सुऱ्याला भिते.”

“त्यालाच चक्कर आली होती,” शेजारची नर्स म्हणते. “टिटॅनसचं इंजेक्शन घेताना.”

सगळं थिएटर हसतं. ऋजुताही हसते. तात्या हसत नाहीत.

“मग संध्याकाळी परत जोडलात की नाही?”

“दर खेपेला जोडायचो. शेवटच्या बुधवारी राहिलं.” त्यांचा आवाज बारीक होतो. “दुसऱ्या दिवशी फिल्मच्या पेट्या परत पाठवायच्या होत्या. हा डबा माझ्या जेवणाच्या डब्याखाली राहिला. ध्यानात आलं तवर गाडी सुटली होती. पिक्चर शेवटाविना गेला बघ. नोकरी जाईल म्हणून बोललो न्हाई. नंतर लाज वाटाय लागली म्हणून बोललो न्हाई. तुझ्या आजीलासुदिक.”

ऋजुता त्यांच्या शेजारी पायरीवर बसते. पायरी आता केबिनमध्येच आहे, आणि ते बरंच आहे.

“तात्या, इटलीतला जिना कुजला. इतर देशांत गेलेल्या प्रतीही गेल्या. तुमचा तेवढा राहिलाय.”

“सगळीकडचा कुजला?”

“सगळीकडचा. तुम्ही पेटीत घालून पाठवला असता, तर हाही गेला असता.”

मशीन टकटकत राहतं. मग तात्यांच्या खांद्यापासून हसू सुरू होतं, आवाज न करता, खाकी शर्ट हलवत. “म्हंजे आख्ख्या जगात एकच जिना शाबूत, आणि तो कुणाच्या? कुंभोजकराच्या जेवणाच्या डब्याखाली.”

“हो.”

“मग लाव की. बायका खोळंबल्यात.”

“क्रम माहीत नाही.”

“नंबर घातलेत की मी.”

“नाहीत. मी भिंग घेऊन बघितलंय. पुण्याच्या लोकांनी बघितलंय.”

“बघायला कुणी सांगितलं? दिवा घालव.”

ती दिवा घालवते. अंधार उबदार आहे, त्याला तापलेल्या मशीनचा वास आहे. तात्या तिचा अंगठा धरून एका तुकड्याच्या कडेवरून फिरवतात.

“केबिनमधी दिवा लावला की खालनं शिट्ट्या. शाईनं आकडा लिहिला की पडद्यावर डाग. म्हणून कात्रीनं खाचा घातल्यात, बोटानं वाचायला. झिजून फाटलेली कड खरखरती. मी कापलेली खाच गुळगुळीत लागंल. मोज.”

कड खरखरते, खरखरते, मग एकदम लोणी. एक. परत लोणी. दोन. डोळ्यांना हे सगळं उंदरानं कुरतडल्यासारखंच दिसलं असतं.

“दोन,” ऋजुता म्हणते. “आणि हा सात. हा एक. तात्या, हा एक.”

“मग एकापास्नं लाव.”

ती पहिला तुकडा जोडते आणि जिन्यावर आहे. हा लोखंडी नाही, संगमरवरी आहे, भिंतींवर पिवळा उजेड, आणि पुढच्या वळणावर हातमोज्यातला तो हात. ती दुसरा जोडते, तिच्या पायाखाली आणखी काही पायऱ्या येतात. तिसरा. चौथा. मागे थिएटर आहे, दाणे फोडायचे आवाज थांबलेत. कालपर्यंत या हातानं तिला छळलं. आता तोच पुढे पुढे पळतोय आणि ती पाठलाग करतेय, दोन वेण्या आणि शाळेचा गणवेश, जिना स्वतःच्या हातानं बांधत. आठवा. नववा. जिना संपतो. हातमोजा निघतो.

ना डॉक्टर, ना पाद्री. पिक्चरच्या पहिल्या प्रसंगात सगळ्यांना चहा देणारी ती मवाळ ग्रंथपाल बाई.

थिएटर उठून उभं राहतं. टोप्या उडतात, शिट्ट्या वाजतात, आणि एवढ्या कडक शिट्ट्या ऋजुतानं क्रिकेटच्या मॅचलाही ऐकलेल्या नाहीत.

“मी म्हटलं नव्हतं?” रिबेका सिस्टर ओरडतात. “पहिल्यापासून म्हणतेय, हीच.”

“तुम्ही डॉक्टर म्हणाला होतात, सिस्टर,” शेजारची नर्स म्हणते.

“डॉक्टरवर संशय म्हणाले होते. संशय वेगळा.”

ऋजुता पुन्हा केबिनमध्ये आहे. तात्या भोकातून खाली बघतायत. त्यांची पाठ एवढी सरळ तिनं कधी बघितली नव्हती. वळून ते तिच्या मुठीत एक तुकडा ठेवतात आणि मूठ आपल्या हातानं घट्ट मिटतात.

“हा पाचवा. सोडू नको. मी एकदा सोडला, पंचेचाळीस वर्षं गेली.”

“तात्या, तुमचं नाव मी...”

“ऋजू,” आई म्हणते, “ऋजू, ऊठ. तीन वीस झालेत. कुठल्या बाईचा फोन येणार होता ना?”

पंखा. ऊन. डबा कलंडलाय, तुकडे चादरीवर पसरलेत. ऋजुताची उजवी मूठ मिटलेली आहे, इतकी घट्ट की बोटं उघडायला दुसरा हात लावावा लागतो. आत एक तुकडा. आणि अंगठ्याच्या पेरावर, सरळ ओळीत, फिल्मच्या कडेनं उठवलेले पाच लालसर व्रण.

ती ते मोजते. मग डोळे मिटते आणि चादरीवरचे बाकीचे आठ एकेक करून अंगठ्याखालून काढते. कड खरखरते, मग लोणी. दोन. सात. एक. चार. आई दारात उभी आहे. काय चाललंय ते तिला कळत नाही, पण मध्ये बोलायचं नाही एवढं कळतं. नऊही तुकडे ओळीनं लागतात तेव्हा फोन वाजायला लागलेला असतो.

“हॅलो, लोरेन्झाबाई,” ऋजुता तिच्या झोकदार इंग्रजीत म्हणते, “क्रम मिळाला. सांगते. पण आधी पेन घ्या. ती ऑपरेटरची ओळ आहे ना, ती खोडा. तिच्या जागी लिहायचंय की हा जिना मिरजेत एका माणसानं सांभाळून ठेवला, म्हणून तुम्हाला दिसतोय. पूर्ण नाव देते.”

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज येतो. ऋजुता अंगठा उजेडात धरते. पाचही व्रण अजून तसेच आहेत.

“घेतलं पेन? हां. लिहा. गजानन.”