पहिल्या पाळीची हजेरी

माझं काम लोकांना समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. तरी एकदा सांगते. लोक त्यांचं अ‍ॅप आमच्याकडे ऑनलाइन सोपवतात, आम्ही ते तपासतो आणि कुठे मोडतंय ते कळवतो. तपासतात ती यंत्रंच. ती कुठल्या देशात आहेत हे मलाही ठाऊक नाही. नाशिकमध्ये आमचं म्हणाल तर सातपूरला एका वर्कशॉपच्या माडीवर आठ खुर्च्या आहेत. खाली प्रेस मशीन दणकलं की वर आमचा चहा हलतो.

काही वर्षांपूर्वी कारखान्यांतल्या हजेरीचं एक अ‍ॅप आमच्याकडे आलं. कामगार आत गेला की त्याच्या मोबाइलवर मेसेज, बाहेर पडला की पुन्हा मेसेज. तपासायला कामगार खोटे चालतात, पण मेसेज पोचतो का हे बघायला नंबर खरे लागतात. आमच्याकडे रीतच होती, घरच्यांचे नंबर घालायचे. कोणी सासूचा घातला, कोणी मेव्हण्याचा. मी बाबांचा घातला, आणि लाडात येऊन नावही त्यांचंच दिलं, पाळीही त्यांचीच, पहिली. ते जन्मभर इथल्याच एका कारखान्यात लेथवर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. सकाळी मेसेज आला की आईला चिडवायचे, "चला, लागली आमची हजेरी. डबा द्या."

पुढे ऑफिसात मला दुसऱ्या अ‍ॅपचं काम मिळालं. ती तपासणी आपोआप रोज चालत राहिली. निकाल हिरवा दिसला की आमच्याकडे कोणी उघडून बघत नाही.

मग बाबा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नातेवाईक आपापल्या गावी परतले. बाबांचा फोन आईनं स्वतःकडे ठेवला, रोज चार्जिंगला लावायची. मला वाटलं, फोटोंसाठी असेल. आई मात्र सावरत होती, आणि त्याचंच मला नवल वाटायचं. सकाळी लवकर उठायची. दुपारी साडेतीनच्या सुमाराला चहा टाकायची, दोन कप. मी घरी असले तर दुसरा मला, नाहीतर तो तसाच गार व्हायचा. मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

एका दुपारी चार वाजता ऑफिसात तिचा फोन आला.

"अगं, हे अजून बाहेर पडले नाहीत."

"कोण?"

"तुझे बाबा. सकाळी सातला आत गेलेत. साडेतीनचा मेसेजच आला नाही."

खोटं कशाला बोलू, मला आधी भीती वाटली, तिची काळजी नंतर. मी ती जुनी तपासणी उघडली. आज ती लाल होती, दुपारी मध्येच कुठेतरी अडकलेली. प्रत्येक तपासणीचा व्हिडिओ आमच्याकडे राहतो. तो लावला. रिकामा स्क्रीन. कोणाचा हात नाही, काही नाही, आणि बाबांचं नाव एकेक अक्षर करत उमटत गेलं. मग त्यांचा नंबर. मग वेळ, सात वाजून दोन मिनिटं. मी आदल्या दिवसाचा व्हिडिओ लावला, त्याच्या आदल्या दिवसाचा लावला. मग ते गेले त्या दिवसाचा. त्या दिवशीही ते सात वाजून दोन मिनिटांनी कामावर हजर होते. त्या वेळी आम्ही त्यांना हॉस्पिटलमधून घरी आणत होतो.

मी तडक घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं.

"मला काय वेडी समजलीस?" ती म्हणाली. "ते नाहीत हे कळतं मला. पण नाव आत अडकलंय ना त्यांचं? आधी बाहेर काढ."

मी लॅपटॉपवर त्यांची बाहेर पडायची वेळ हातानं भरली. तिच्या मांडीवरचा फोन वाजला. तिनं मेसेज दोनदा वाचला आणि चहा टाकायला उठली. तेवढ्यात मी बाबांचं नाव यादीतून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी फोन पुन्हा वाजला.

कारण मला दहा मिनिटांत सापडलं, पण सापडून बरं काही वाटलं नाही. ती यंत्रं रोज पहाटे आदल्या दिवसाचं सगळं पुसून टाकतात आणि एका जुन्या मूळ प्रतीवरून तो अख्खा कारखाना नव्यानं उभा करतात. त्या प्रतीत बाबा नोकरीवर आहेत. काल त्यांना कोणी काढून टाकलं, किंवा कधी काय झालं, हे तिथे कोणालाच माहीत नसतं.

आईनं ऐकून घेतलं आणि माझ्यावर भडकली.

"म्हणजे रोज नव्यानं कामाला जुंपता त्यांना? गुडघे गेले होते गं त्यांचे! जन्मभर उभे राहिले मशीनसमोर. आता तरी सुट्टी दे."

मी ती मूळ प्रत उघडली. नाव पुसायला हात होईना. नावापुढे रजेचा रकाना होता. रजा कधीपासून, तिथे ते गेले त्या दिवसाची तारीख टाकली. कधीपर्यंत, तिथे काहीच लिहिलं नाही आणि बटण दाबलं. अ‍ॅपनं रजा मुकाट्यानं मंजूर केली.

शेवटची तारीख नसताना हजेरीच्या अ‍ॅपनं रजा मंजूर करता कामा नये. ही सरळसरळ चूक आहे, आणि असल्या चुका शोधून कळवण्यासाठीच मला नोकरीवर ठेवलंय. ही मी कळवली नाही. कळवली की ते लोक ती दुरुस्त करतील, आणि सकाळी सातला बाबांना परत कामावर जावं लागेल.