आतोबांचा वाटा

माझ्या आतोबांइतका खरं बोलणारा माणूस सावित्री नदीच्या दोन्ही काठांवर आजवर झालेला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी इच्छा बाळगून असणारेही पुष्कळ आहेत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. खरं बोलावं असं आपल्याला शाळेत शिकवतात, पण ते किती बोलावं हे कुणी सांगत नाही. त्यामुळे आतोबांनी सगळंच बोलायचं ठरवलं होतं. रस्त्यात कुणी सहज ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारलं तर ते सायकलवरून उतरत, सायकल स्टँडवर लावत आणि डाव्या गुडघ्यापासून सुरुवात करत. लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून ‘जेवण कसं झालं?’ असं विचारत आला की आम्ही पानातून मान वर न काढता देवाचा धावा करायचो. आतोबा क्षणभर विचार करत आणि सांगत, ‘‘जिलबी चांगली. आमटीत मात्र पहिल्या पंगतीनंतर पाणी घातलंय.’’ एकदा पोलादपूरहून येताना एसटीत त्यांना डुलकी लागली. तिकीट होतं अलीकडच्या थांब्याचं आणि जाग आली महाडला. दुसरा कुणी मुकाट्याने घरी गेला असता. आतोबा कंट्रोलरच्या खिडकीशी गेले आणि जादा अंतराचे पैसे घ्या म्हणून अडून बसले. असे पैसे घ्यायला आमच्याकडे रकानाच नाही, असं सांगून कंट्रोलर दमला. शेवटी त्याने खिडकी लावून घेतली. आतोबा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

गाव त्यांचं पोलादपूर तालुक्यातलं, उमरठच्या बाजूला. तरुणपणी बोटीवर इंजिनखात्यात लागले, फिरत फिरत अमेरिकेतल्या एका बंदरात उतरले, तिथल्या गोदीच्या वर्कशॉपात वीस वर्षं राहिले आणि तिथले नागरिकही झाले. मग आई आजारी आहे असं पत्र गेलं म्हणून तीन महिन्यांसाठी गावी आले. आई काही महिन्यांत गेली. पण ते तीन महिने पुढे सात वर्षं चालले. महाडच्या बाजारात एक गाळा घेऊन ते शेतीचे पंप आणि भातगिरण्यांची इंजिनं दुरुस्त करत. हाताला यश होतं, जिभेला नव्हतं. ‘‘इंजिन नीट होईल, पण तुम्ही ते पुन्हा बिघडवाल,’’ असं ते गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधीच सांगत. गिऱ्हाईक चिडून जाई, इंजिन बिघडवी आणि पुन्हा त्यांच्याकडेच येई. पैसे नसले तर लोक फणस, नारळ, प्रसंगी कोंबडीही देत. आतोबा ते सगळं तारखेनिशी डायरीत लिहून ठेवत.

माझी आत्या महाडच्या शाळेत भूगोल शिकवायची. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि मला वाढवण्यात आत्याचं लग्नाचं वय निघून गेलं, हे मला कुणी बोलून दाखवलं नाही तरी ठाऊक होतं. चाळिशीला टेकल्यावर तिला आतोबांचं स्थळ आलं. बैठकीत माझ्या वडिलांनी ‘तुमच्याविषयी काही सांगा’ असं म्हणायची चूक केली. आतोबा म्हणाले, ‘‘मी एक्कावन्न वर्षांचा आहे. घोरतो. तिकडे एका बाईशी सहा वर्षं ओळख होती, लग्नापर्यंत गेलं नाही, दोष बहुतेक माझाच. खालचे चार दात खोटे आहेत.’’ वडिलांच्या हातातला पोह्यांचा चमचा हातातच राहिला. आत आत्याला मात्र हसू आवरेना. ‘‘दादा, ठरवून टाक,’’ ती नंतर म्हणाली. ‘‘लग्नानंतर नवीन काही कळायची भीती नाही असा माणूस पुन्हा कुठे मिळणार?’’ तिने त्यांना एकच प्रश्न विचारला. बर्फ पडताना आवाज होत नाही असं ती अठरा वर्षं मुलांना शिकवत होती, ते खरं का? आतोबा म्हणाले, ‘‘मला ऐकू आला नाही. पण माझे कान इंजिनाने गेलेत. मी तुम्हाला तिकडे नेईन, तुम्ही स्वतः ऐका.’’

दुसऱ्या कुणी असा शब्द दिला असता तर ती बोलण्याची रीत म्हणून सोडून देता आली असती. आतोबांनी दिला, म्हणजे तो पाळणं आलंच. लग्नानंतर ती दोघं आमच्याच घरी राहत होती. तीन वर्षं झाली आणि आतोबांच्या तोंडी आत्याविषयी सारखं एकच वाक्य येऊ लागलं : ‘‘मी त्यांना खोटं सांगून लग्न केलंय.’’ आत्या म्हणायची, मला काही घाई नाही. पण शाळेत भिंतीवरच्या नकाशापाशी ती जरा जास्तच वेळ उभी राहते, हे शिपायानेसुद्धा मला सांगितलं होतं. शेवटी दोघं मुंबईला अमेरिकन कचेरीत गेली. आम्ही इकडे समजत होतो की आतोबा तिथले नागरिक, तेव्हा बायकोला न्यायला काय लागतं! तिथल्या साहेबाने नम्रपणे विचारलं की बायकोला तिकडे पोसाल याला आधार म्हणून तुमची इन्कमटॅक्सची रिटर्न्स कुठे आहेत? आतोबा म्हणाले, तिकडे मी कमवतच नाही तर तिकडे काय भरू? साहेब म्हणाला, नागरिक जगात कुठेही कमवो, दरवर्षी कळवावं लागतं. तुमच्या मिळकतीवर बहुधा कर बसणार नाही, पण सात वर्षांची थकलेली रिटर्न्स भरून त्यांच्या प्रती आणा, मग बाईंच्या व्हिसाचं बघू.

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होतो आणि टायपिंग बरं होतं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. फॉर्म मुंबईहून आले. दुसऱ्या कुणाची सात वर्षं मी दोन संध्याकाळींत उरकली असती. आतोबांनी पहिल्या संध्याकाळी फक्त एका फणसाची किंमत ठरवली. आपण सांगितलेलं प्रत्येक वाक्य खरं आहे अशी खाली सही करायची आहे, हे त्यांनी माझ्याकडून चारदा वाचून घेतलं होतं. कोंबड्या आल्या, नारळ आले, एक कोंबडी मांजराने नेली तीही नोंदीसकट आली. हे सगळं पार पडलं आणि मग आतोबांचा हात थांबला. गावची भातशेती राहिली होती. जमीन त्यांच्या आजोबांपासून सामाईक, सातबाऱ्यावर एकोणीस नावं. कसायचे त्यांचे थोरले बंधू आणि चुलतभाऊ. आतोबा रविवारी गावी जात, पोटभर जेवत आणि येताना थोरल्या वहिनी तांदळाची पिशवी हातात देत. ‘‘त्यात माझं किती, हे कळल्याशिवाय मी सही कशी करू?’’ ते म्हणाले. मी म्हटलं, शून्य लिहा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा टाकायला उठलो.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गावी गेलो. आता मागे वळून पाहताना माझीच मला कीव येते. परदेशी राहिलेला भाऊ हातात डायरी घेऊन ओटीवर बसतो आणि विचारतो, ‘‘दादा, या भातात माझा वाटा किती?’’ शेजारी कोण, तर तहसील कचेरीतला कारकून, सातबाऱ्याची नक्कल घेऊन! ज्या मुलखात एका फणसाच्या झाडासाठी सख्खे भाऊ पंधरा वर्षं तारखा करतात, तिथे या प्रश्नाचा अर्थ एकच. थोरले बंधू तंबाखू मळायचे थांबले.

‘‘वाटणी मागतोस काय रे?’’

‘‘वाटणी नको. अमेरिकेला कळवायचंय.’’

‘‘अमेरिकेला आमच्या भाताशी काय करायचं हाय? त्यांनी लावणी केली काय?’’

आतोबांनी खरं ते पहिल्यापासून सगळं समजावलं, आणि जितकं समजावलं तितकं ते जास्त खोटं वाटत गेलं. निघताना कुणी निरोप दिला नाही. पिशवीही दिली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी ते गेले तेव्हा घरात कुणी बोललंच नाही. घरी आल्यावर त्यांनी डायरीत लिहिलं, ‘‘आज तांदूळ नाही.’’ मग बराच वेळ पेन उघडंच धरून बसले. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटलं. हे भांडण असंच राहिलं तर रिटर्न्स अडतील, रिटर्न्स अडली तर आत्या कुठे जाणार नाही, असा हिशेब माझ्या मनाने परस्पर करून टाकला होता. तिच्याशिवायचं घर मी कधी पाहिलंच नव्हतं.

गाठ सोडवली ती आत्याने. कुणाला न सांगता ती एकटीच गावी गेली, ओटीवर न थांबता सरळ चुलीपाशी वहिनींजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, ‘‘वहिनी, जमीन नको, वाटा नको. मला बर्फ बघायचाय म्हणून हे सगळं चाललंय.’’

वहिनींनी फुंकणी खाली ठेवली. ‘‘बरफ? बरफ तर म्हाडात गोळेवाल्याकडं हाय की गो!’’

मग दोघी हसल्या, आणि हसता हसता आत्याने त्यांना सांगितलं की तिकडच्या सरकारला फक्त एवढंच हवंय, हा माणूस आपल्या बायकोला जेवू घालू शकतो की नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळच्या पोलादपूर गाडीने अकरा माणसं आमच्या दारात उतरली. पुढे थोरले बंधू, मागे चुलतभाऊ, सर्वांत मागे वहिनी. बंधूंनी बंडीच्या आतल्या खिशातून एक घडी घातलेला स्टँपपेपर काढून आतोबांच्या हातात दिला. मी खांद्यावरून वाचला. गावची सगळी जमीन आणि तिचं सगळं उत्पन्न एकट्या आतोबांचं आहे, आमचा त्यात काही संबंध नाही, असं लिहून खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे होते. नोकरीत मी भावांचे कागद ढिगाने पाहिले होते. एकाने दुसऱ्याचं नाव कमी करावं म्हणून केलेले अर्ज पाहिले होते. असा कागद मी पाहिला नव्हता, पुढेही कधी पाहिला नाही.

आतोबांनी तो दोनदा वाचला. ‘‘दादा, हे खरं नाही,’’ ते म्हणाले.

‘‘खरं कसा नाय? एकेकाला घरातून बोलवून अंगठा घेतलाय.’’

वहिनी मागून म्हणाल्या, ‘‘आमच्या घरची सून परमुलखात उपाशी र्‍हाईल असं त्या सायबाला वाटता कामा नाय. दाखव तू त्याला.’’

‘‘मला हा देता येणार नाही, वहिनी.’’ एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायचा सोडून डोळेच पुसत राहिले. अकरा माणसं भिंतीकडे, छताकडे, कुठे कुठे बघत होती. थोरले बंधू म्हणाले, ‘‘नको देऊ तर नको देऊ. रडतोस काय? चा तरी सांग.’’ त्या दिवशी आमच्या घरी पंधरा माणसांचा चहा झाला आणि वहिनींनी आणलेली पिशवी आत्याने न मोजता डब्यात ओतली.

त्याच संध्याकाळी सातही रिटर्न्स पुरी झाली. शेतीच्या जागी आतोबांनी मला एक पत्र टाइप करायला सांगितलं : जमीन सामाईक आहे, माझा वाटा कुणी वेगळा काढलेला नाही, मी रविवारी पोटभर जेवतो आणि तांदूळ घेऊन येतो, त्याची किंमत मला ठरवता आलेली नाही, भाऊ म्हणतात सगळं माझं आहे, ते कायद्याने खरं नाही. हे असं पाठवलं तर व्हिसा मिळणार नाही अशी माझी खात्री होती. मुलाखतीत साहेबाने सातही रिटर्न्स आणि ते पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि आत्याला विचारलं, ‘‘मांजराने नेलेली कोंबडीसुद्धा मिळकतीत धरायची असं यांना कुणी सांगितलं?’’ आत्या म्हणाली, ‘‘कुणी नाही. ते आहेतच असे.’’ साहेबाने शिक्का मारला.

ती दोघं गेली तेव्हा मी स्टँडवर फार बोललो नाही. रडू येईल ही भीती होती, आणि ते आलंच. पहिल्याच थंडीत आत्याचं पत्र आलं. बर्फाला आवाज नसतो, पण तो पडायला लागला की बाकीचे आवाज थांबतात, हे मुलांना सांगायचं राहिलं, असं तिने लिहिलं होतं. आतोबा दरवर्षी वेळेवर रिटर्न भरू लागले. पाचव्या हिवाळ्यात ते तिकडेच गेले. कुणाला त्रास न देता, झोपेत. आत्याला तिथे मुलांच्या एका वाचनालयात काम मिळालं होतं. येते येते म्हणत ती तिकडेच राहिली.

परवा तिचं पत्र आलं. ‘‘आता रिटर्न मी भरते. यांच्यासारखंच भरायचं ठरवलंय. भात यंदा किती झालं आणि त्यात माझं काही धरायचं का, एवढं गावी जाऊन विचारून कळव. पण बाबा, आधी सांग, वाटणी नकोय म्हणून.’’

मी गेलो. थोरले बंधू आता अंथरुणालाच खिळलेत. वहिनी अंगणात भात पाखडत होत्या. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं.

‘‘लिव तिला,’’ मग त्या म्हणाल्या. ‘‘वाटा अजून कुणी काढला नाय. म्हंजे सगळ्यात हाय ती. कवा पण ये म्हणावं.’’