दारासमोर चढणारा टप

आधीच सांगून ठेवतो, मी वायरिंगचा माणूस आहे. वीस वर्षं झाली, देवगाव फाट्यावर ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवतोय. गिऱ्हाईक येतं आणि हळूच म्हणतं, "गाडीला काहीतरी बाहेरचं झालंय हो"... मी बॅटरीची टर्मिनल घासून देतो, बाहेरचं निघून जातं! बोनेटला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी तोंडावर चेष्टा करतो. त्यामुळे हे लिहायला बसलोय याचं मलाच नवल वाटतंय. पण झालं ते दिवसाढवळ्या झालं, पन्नासेक माणसांसमोर, आणि मोटारीचा प्लग मी माझ्या हातानं काढलेला होता.

फाट्यापासून पाच-सहा किलोमीटरवरचं गाव. नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या नारायणकाकांनी एक जुनी गाडी घेऊन तिची ओपन कार करून घेतली होती, लग्नाला द्यायला. वर कापडी टप, डिकीत तो हलवणारी मोटार आणि डॅशबोर्डवर एक स्विच. खाली दाबला की टप मागं घडी होऊन बसतो, वर दाबला की पुन्हा चढतो. काका स्वतःच चालवायचे, दुसऱ्याला स्टेअरिंगला हात लावू द्यायचे नाहीत. मागच्या पावसाळ्यात ते झोपेतच गेले. मग गाडी त्यांचा धाकटा भाऊ भगवान चालवायला लागला.

या उन्हाळ्यात भगवान दुकानात आला. "स्विच बघा बरं जरा. टप मनानंच चढायलाय."

"कुठं?"

"आमच्या घराच्या दारासमोर आलं की."

"आणि दुसरीकडं?"

"दुसरीकडं कुठंच न्हाई."

लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या देवळाला जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. त्या गावात देवळाचा रस्ता काकांच्या दारावरूनच जातो, दुसरा रस्ताच नाही. काका गेल्यापासून तीनदा परण्या निघाला आणि तिन्ही वेळा त्याच जागी टप चढला. नवरदेव मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसलेला असतो ना... तिसऱ्याचा तर फेटाच कापडात अडकला म्हणे.

"दारासमोर खड्डा आहे का?" मी विचारलं.

"हाय की. लय मोठा."

"झालं तर मग! खामखा घाबरायलात तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन स्विच उघडला. आत सगळी काजळी, आणि पितळेची एक पट्टी जळून वाकलेली. गाडीला दणका बसला की ती पट्टी टेकणार आणि टप चढणार. एकदम सरळ केस. नवीन स्विच टाकला, मागची वायर बदलली आणि टप उघडा ठेवून गाडी त्या खड्ड्यातून दहा वेळा नेली. टप हलला नाही.

भगवानची तसल्ली होईना. म्हणाला, "रिकामी असली की तवाबी चढत न्हवता. नवरदेव बसला की चढतो."

मग सीटखाली वायर दबत असेल. त्यालाच मागं बसवलं आणि आणखी चार फेऱ्या मारल्या. पन्नाशीचा टक्कल पडलेला भगवान नवरदेवासारखा उंच बसून गावातून फिरला, बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. तरी टप हलला नाही. वायरही कुठं दबलेली नव्हती.

मी सामान आवरत होतो तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. काकू म्हणजे नारायणकाकांच्या मालकीणबाई.

"झालं का बाबा?"

"झालं काकू. आता नाही चढायचा."

त्या ओट्यावर टेकल्या. "मीच भगवानला तुझ्याकडं धाडलं. परवा महेशचं लगीन हाय. आमच्या सचिनच्या वर्गातला. दोघं एका ताटात जेवायचे इथं."

सचिन त्यांचा एकुलता एक. दहावीच्या सुट्टीत विहिरीत पोहायला गेला, तो वर आलाच नाही. हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"गाडी आणली तवा मीच ह्यांना म्हनले, माझ्या दारावरून नवरदेव न्यायचा तर झाकून न्या. माझ्या लेकराच्या वयाची पोरं नवरदेव होऊन जायलेत, मला बघवत न्हाई. पाच वर्षं बाबा... दार आलं की टप चढवायचे, बँडवाल्यालाबी गप करायचे, आन् मारुतीच्या वळणावर गेल्यावर उघडायचे. एकदाबी चुकले न्हाईत. आन् मीबी पुन्हा कधी काही बोलले न्हाई." चहाची कपबशी त्यांनी माझ्याकडं सरकवली. "पन ह्या महेशला मला डोळे भरून बघायचंय. मांडवात मी जानार न्हाई, लोक नाक मुरडतेत. दारातूनच बघते. तेवढा टप उघडा ऱ्हाऊ दे."

चहा पिऊन झाल्यावर स्विचचे स्क्रू पुन्हा एकदा आवळले.

लग्नाच्या दिवशी मी स्वतः गेलो. माझं काम म्हणून म्हणा, नाहीतर काकूंसाठी म्हणा. पाचच्या सुमारास महेशच्या घरासमोर टप उघडला, आणि मग डिकी उघडून मोटारीचा प्लगच काढून टाकला. प्लगच्या तोंडाला टेप गुंडाळला. आता स्विच नवा असो की जुना, मोटारीला करंटच मिळणार नव्हता. भगवानच्या शेजारी पुढं बसलो आणि परण्या निघाला.

काकू दारात उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. पुढचं चाक खड्ड्यात गेलं, बाहेर आलं... आणि मागून घर्रर्र असा आवाज आला.

भगवानचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. मी बघत होतो. टप चढायला लागला, महेश फेटा धरून खाली बसला, आणि बँडवाले सवयीनं गप्प झाले. भगवाननं गाडी थांबवली, मी उडी मारून मागं पळालो, डिकी उघडली. प्लग टेप गुंडाळलेला तसाच लोंबकळत होता. मोटारीवर हात ठेवला, तर ती थरथरत होती.

टप पूर्ण बसला. काचेआडून महेशचा नुसता फेटा दिसत होता.

काकूंचा चेहरा एवढासा झाला. त्या ओट्यावरून उतरल्या आणि ड्रायव्हरच्या बाजूला आल्या. पण भगवानकडं बघत नव्हत्या. गाडीच्या दारावर हात ठेवून, नेहमीच्या बोलण्यातल्या आवाजात म्हणाल्या,

"आवो... मीच म्हनले होते झाकून न्या. लय ऐकलं तुमी माझं. आता मीच म्हनते, उघडा. मला बघू द्या."

कुणी हललं नाही. मग मोटार पुन्हा सुरू झाली आणि टप हळूहळू मागं जाऊन घडी होऊन बसला.

महेश गाडीतून खाली उतरला आणि काकूंच्या पाया पडला. काकूंनी त्याचं तोंड दोन्ही हातात धरलं, खूप वेळ बघितलं आणि कानशिलावर बोटं मोडली. मग बँडवाल्यांवर ओरडल्या, "गप का बसलात? वाजवा की!"

मी नंतर ती गाडी दोनदा पूर्ण खोलली. परभणीच्या एका जाणकार मिस्तरीलाही दाखवली. तो म्हणाला, "प्लग तुमी नीट काढलाच नसंल." त्यानंतर त्या दारावरून आणखी चार परणे गेले, टप एकदाही चढला नाही. बिघाड काय होता ते मला आजही सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी प्लग परत जोडत होतो, तेव्हा काकू डिकीजवळ येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चारचौघांत बोलले रे मी त्यांना. वाईट वाटलं आसंल का?"

मला वायरिंगचं विचारा, असं म्हणणार होतो.

"न्हाई काकू," मी म्हणालो, "लगेच उघडला की त्यांनी."