चायनाची फुलदाणी

मी चिनीमातीच्या जुन्या फुलदाण्या जमवते हे कळलं की वाशिममधली माणसं एकच प्रश्न विचारतात, त्यात फुलं तरी ठेवता का? नाही ठेवत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या बाईला हे वेड कुठून लागलं, असंही त्यांच्या मनात असतं. तो प्रश्न तोंडावर कोणी विचारत नाही, कारण मी भडकते.

सगळ्यात जास्त भडकते ती खोट्या ओळखीवर. कोणी परवा बाजारातून आणलेली फुलदाणी चहाच्या पाण्यात बुडवून मळकट करतो, मोबाईलवर फोटो टाकतो आणि खाली लिहितो, दोनशे वर्षं जुनी. अशा माणसांशी मी ओळखपाळख नसताना भांडले आहे. वस्तू जिथली असेल तिथलीच सांगायची, समोरच्याला आवडो न आवडो. या नियमाचा मला फार तोरा होता. किन्हीराजातल्या त्या घरात मी हा तोरा घेऊनच गेले.

त्या घरची सून माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा फोन आला, "बाई, माह्या सासूजवळ एक जुनी फुलदाणी हाय. पाह्याले येता का?" दुसऱ्याच दिवशी मी एसटीने गेले.

सासू ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली. तिने फुलदाणी कोनाड्यातून काढली, पदराने पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. वीतभर उंचीची, पांढरी, अंगावर गुलाबी फुलं आणि हिरवी पानं. अंगण दोन जावांत एकच. सासूची थोरली जाऊ पलीकडच्या दारात डाळ निवडत बसली होती, आणि तिचे कान आमच्याकडे होते.

"माहा बाप मंगरूळले जिनिंगात कापसाच्या काट्यावर होता," सासू सांगू लागली. "तिथला गोरा सायब बंगला सोडून चालला, तवा त्यानं हे बापाले देल्लं. बापानं माह्या रुखवतात मांडलं. विलायती हाय म्हने."

रुखवतात दुसरं काहीच नव्हतं, हे सुनेने मला नंतर सांगितलं. थोरलीच्या रुखवतात पितळेची भांडी मावत नव्हती. लग्नापासून थोरलीने धाकटीला त्यावरून टोचून खाल्लं होतं, आणि धाकटीकडे दर वेळी एकच उत्तर होतं, तुह्या मायेरी विलायती होतं का? हे मला आधी माहीत असतं तर, असं मी पुढे स्वतःला खूपदा म्हटलं. पण मी विचारलंच कुठे? मला बूड बघायची घाई होती.

मी फुलदाणी उलटी केली. बुडाची कड बिनझिलईची आणि भाजून तांबूस झालेली. फुलांवरून बोट फिरवलं तर रंग हाताला किंचित उंच लागत होता. आणि बुडाच्या मधोमध चिनी अक्षरांचा चौकोनी लाल शिक्का, झिलईच्या वरून काढलेला. असे शिक्के मी फक्त पुस्तकांतल्या फोटोंत पाहिले होते. आनंद झाला की माझा आवाज वर्गातल्यासारखा चढतो.

"मावशी, ही विलायती नाही. हा शिक्का बघा, ही अस्सल चायनाची आहे."

पलीकडे डाळीतला हात थांबला.

"चायना?" थोरली म्हणाली. "म्हंजे चायना माल? जलमभर विलायती विलायती करून राह्यली होती, अन् बापानं चायना माल देऊन वाटे लावलं होय तुले."

मला इतका राग आला की मी उठून तिच्यापुढे व्याख्यानच झोडलं. ही विद्या मुळात चीनची, गोऱ्यांना ती कित्येक वर्षं साधली नाही, ते बोटी भरभरून तिकडून भांडी नेत होते. थोरली शांतपणे डाळ निवडत राहिली. चायना म्हणजे दोन दिवसांत बंद पडणारी बॅटरी, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्याच विद्यार्थिनीने हळूच विचारलं, "बाई, म्हंजे डुप्लिकेट हाय का?" तिला मी सात वर्षं शिकवलं होतं.

सासूने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"बाई, बाहेर जाऊन म्हना न, का पाह्यात चूक झाली. विलायतीच हाय म्हना."

"मावशी, मला खोटं सांगता येणार नाही."

"माहा बाप खोटा नव्हता."

"मी कुठे तसं म्हटलं?"

"तुमी नाही म्हटलं. पन झालं तेच."

मी चहा न घेता निघाले. एसटीत सगळ्यांवर चिडत होते. थोरलीवर, सुनेवर, एका देशाच्या नावाची शिवी करून टाकणाऱ्या बाजारावर. मला खोटं बोलायला सांगितलं म्हणून त्या म्हातारीवरही. स्वतःवर चिडायला मला पंधरा दिवस लागले. गोऱ्या साहेबाच्या घरातून आलेली वस्तू बापाने विलायती म्हटली, यात खोटं काय होतं? साहेब विलायतेचा, त्याचं सामान विलायती. हे एक वाक्य त्या अंगणात बोलायला हवं होतं. मी बोटींच्या गोष्टी सांगत बसले.

ते वाक्य सांगायला मी पुन्हा किन्हीराजाला गेले. सासू ओट्यावर होती. मी तोंड उघडायच्या आत ती आत जाऊन फुलदाणी घेऊन आली आणि माझ्या हातात उलटी दिली.

बुडावर शिक्का नव्हता. तिथली झिलई खरवडून मळकट झाली होती, जवळची कडही दोन ठिकाणी टवकली होती.

"इळ्याले धार लावाचा दगड घेतला," ती म्हणाली. "चार दिवस घासत होती."

माझ्या तोंडाशी काय काय आलं ते लिहीत नाही. एवढ्या जपून राहिलेल्या वस्तूची ओळख कोणी घासून काढली तर मी त्याला उभा सोलला असता. पण तिच्या उजव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, आणि तिला घासायला लावणारी मीच होते.

"आता सांगा बाई. कुठची हाय?"

शिक्का गेला तरी काही लपलं नव्हतं. तांबूस कड, उंच लागणारी फुलं, सगळं तेच सांगत होतं. पलीकडे थोरली तिच्या दारात होती.

"विलायती," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "तिले कमी आयकू येते."