हंड्यातले मोबाईल

आमच्या कॉलनीतल्या बायकांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. वर्षभर त्यात एकच शब्द यायचा, "आलं". जिच्या नळाला आधी पाणी येईल तिनं तो टाकायचा, मग बाकीच्यांनी हातातलं काम सोडून हंडे-बादल्या लावायच्या. जामखेडकडच्या कोरड्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कुणी सकाळी फुलांचं चित्र टाकलं तर मी चिडायचे, कारण मोबाईल वाजला की पाणी आल्यासारखं वाटायचं आणि मी शिलाई मशीन सोडून धावायचे.

मागच्या उन्हाळ्यात नळ इतके दिवस कोरडे राहिले की त्याच ग्रुपवर ठरलं, येत्या सोमवारी रिकामे हंडे घेऊन नगरपरिषदेच्या कचेरीवर जायचं. ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गोपनीयचे हवालदार आमच्या कॉलनीच्या तोंडाशी मोटारसायकल लावून उभे. गोपनीय म्हणजे गावात कोण कुठं जमतंय याची खबर ठेवणारे पोलीस. नाव गोपनीय, पण त्यांना सगळा गाव ओळखतो. अंगात साधा चौकड्याचा शर्ट आणि पायात पोलिसांचे तांबडे बूट.

"वहिनी, सोमवारी किती बाया येनार?" त्यांनी मला सरळच विचारलं.

"हंडे किती ते विचारा. बायका घरीच बसणार आहेत," मी म्हटलं.

ते मनापासून हसले. मी मात्र घरात येऊन ग्रुपवरची नावं पुन्हा पुन्हा वाचली. सगळ्या ओळखीच्या, सगळ्यांचे ब्लाऊज मी शिवलेले. यातल्या कुणीतरी सोमवार बाहेर नेला होता.

सोमवारी आम्ही पोचायच्या आधीच कचेरीचं फाटक बंद होतं आणि साहेब दौऱ्यावर गेले होते. आम्ही हंडे वाजवून परत आलो.

पुढची बैठक शेजारणीच्या घरी झाली. तिची सून पुण्यात नोकरी करून आलेली. ती म्हणाली, मोबाईल बंद असला तरी ऐकतो. मग काय, शेजारणीनं स्टीलचा मोठा हंडा आणला, सगळ्यांनी आपापले मोबाईल त्यात टाकले आणि वर परात झाकून हंडा मोरीत नेऊन ठेवला. मध्येच आत एकीचा मोबाईल वाजला, तर सगळ्या अशा दचकल्या की जणू हंड्यातून पोलीसच बाहेर येणार. आज हसू येतं. तेव्हा आम्ही अगदी हळू बोलत होतो. ठरलं ते असं की कचेरीला हूल द्यायची आणि गुरुवारी सकाळी थेट पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसायचं. कुठं टाइप करायचं नाही, फोनवर बोलायचं नाही.

गुरुवारी आम्ही गेलो तर टाकीखाली पोलिसांची गाडी आधीच उभी. हवालदार तर खुर्ची टाकून बसले होते. आम्ही तरी बसलोच. एक पोलीस मोबाईलवर आमचं चित्रण करत एकेकीसमोर थांबत होता. माझ्यासमोर आला तेव्हा मी पदर पुढं ओढला. लाज म्हणून नव्हे, रागानं. माझा चेहरा कुणाच्या मोबाईलमध्ये जाऊन बसणार आणि तिथं किती दिवस राहणार, हे मला कुणी सांगणार नव्हतं.

पण खरी गोष्ट वेगळीच खुपत होती. मोबाईल हंड्यात होते, तरी टाकीचा बेत फुटला. म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते माणसातच.

माझा संशय शेजारणीवर गेला. तिचा दीर होमगार्डमध्ये आहे. माझ्या मशीनसमोरची खिडकी नेमकी तिच्या दाराकडे उघडते. तिच्याकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना हसत गेलं की नाही, हे मी टिपू लागले. तिच्या घरून वाटीभर ताक यायचं, माझ्याकडून कोथिंबीर जायची, तेही मी बंद केलं. हवालदारांना पगार मिळतो, मी हे काम फुकट करत होते आणि त्यांच्यापेक्षा बारकाईनं.

घरात वेगळीच धाकधूक होती. मुलीची सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवड झाली होती, पण पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाल्याशिवाय तिला हजर होता येणार नव्हतं. आमचे हे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, पण रोज स्टँडवर चहाला जाणं काही सुटलेलं नाही. ते रोज म्हणायचे, "तू लई पुढं पुढं करू नगंस. पोरीचा कागद त्यांच्याच टेबलावर हाय." मी म्हणायचे, पाणी मागणं हा काही गुन्हा नाही.

मग नोटिसा आल्या. शांतता भंग कराल तर कारवाई होईल, अशा. टाकीखाली बसलेल्यांच्या घरोघरी पोलीस येऊन सही घेऊन गेला. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मावशींना धड चालता येत नाही, टाकीपर्यंत त्या रिक्षानं आल्या होत्या, त्यांनाही आली. शेजारीण नोटीस हातात घेऊन माझ्या दारात आली.

"तुमची कुठाय?"

"मला नाही आली."

"व्हय का," एवढंच ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला चांगलीच ओळखीची होती. खिडकीतून मी तिच्याकडे तशीच बघत होते.

त्यानंतर ग्रुपवर "आलं" हा शब्द आला नाही. पाणी आल्याचं मला शेजारच्या मोटरीच्या आवाजावरून कळायचं. बायकांनी दुसरा ग्रुप काढला होता आणि त्यात मी नव्हते. मला भयंकर अपमान वाटला. मशीनवर बसून मी एकेकीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग पुन्हा पहिल्यापासून आठवत बसले, की टाकीचं कुणाकुणाला माहीत होतं.

खोलीतल्या बायकांना. आणि आणखी एका माणसाला. बैठकीवरून घरी येऊन भाकरी थापता थापता मी सगळं सांगितलं होतं, रोज सांगते तसं.

हे जेवत होते. मी विचारलं, "स्टँडवर चहाला तुमच्याबरोबर कोण असतं?"

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "पोरीसाठी केलं," ते म्हणाले. "मी हवालदाराला म्हनलं, बाकीचं सांगतो, पन आमच्या घरातलं नाव नका घिऊ. अन् न्हाईच घेतलं त्यांनी. चुकलं का माझं?"

मी ताट उचलून मोरीत आदळलं. राग तर आलाच. पण खरं सांगते, त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात हायसंही वाटलं, की पोरीचं नीट होईल. त्याचीच मला जास्त चीड आली. मावशींच्या हातातली ती नोटीस आमच्या सुखासाठी गेली होती.

सकाळी मी स्टँडवर गेले. हवालदार चहाच्या टपरीवर एकटेच होते.

"हवालदारसाहेब, टाकीखाली मीही बसले होते," मी म्हटलं. "माझं नाव लिहा. मलाही नोटीस द्या."

ते बशीतला चहा संपवून म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव तर पयल्या दिवसापासून हाय. व्हिडिओत बी हाय."

"मग नोटीस?"

"काढलीच हुती. आमचे ठाण्यातले साहेब म्हनले, ऱ्हाऊ द्या. त्या घरी नोटीस गेली तर मालक चहाला यायचे बंद व्हतील."

"आणि माझ्या मुलीचा कागद?" मी विचारलं.

"त्यो कवाच गेला की. एकदम साफ. पोरीवर काय गुन्हा हाय का?" ते साधेपणानं म्हणाले. "मोर्चाचा अन् त्याचा काय संबंध? मालक रोज येऊन आपनहून सांगत ऱ्हायले. कागदाचं काय झालं, हे त्यांनी इचारलंच न्हाई."

त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो घेतला नाही.

परत आले तर शेजारी मोटर चालू होती. पाणी आलेलं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. यांनी आमच्या नळाखाली हंडा लावला होता आणि दुसरा हातात घेऊन उभे होते. मला बघून त्यांनी विचारलं, "कुठं गेल्तीस?"

लग्नापासून हा प्रश्न त्यांनी रोज विचारला असेल, आणि मी जे असेल ते सांगून टाकत आले. आज मी आधी विचार केला.

"अस्तराचं कापड बघायला," मी म्हटलं.